घड्याळ देशाचे, दिवस गावाचा

गेल्या जानेवारीतील गोष्ट. सायंकाळचे साडेपाच वाजले होते आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दिब्रुगडहून फोन आला. हा मूळचा डिचोली तालुक्यातला. नोकरीच्या निमित्ताने वर्षभरापूर्वी आसामात गेला. क्षेमकुशल झाल्यावर तो म्हणाला, "सर, इथे काळोख पडून बराच वेळ झाला. आईला फोन केला, तर ती म्हणते अजून तिन्हीसांज व्हायची आहे, अंगणातले वाळवणसुद्धा काढलेले नाही. तुम्ही तर आम्हांला शिकवले होते की साऱ्या भारताची वेळ एकच. मग माझ्या आईची तिन्हीसांज आणि माझी तिन्हीसांज एक का नाही?"

प्रश्न थट्टेचा होता. परंतु आम्ही तो थट्टेवारी नेऊ शकलो नाही. भारताची वेळ एक आहे, हे आम्ही शिकविले होते आणि ते खरे आहे. भारताचा दिवस मात्र एक नाही, हे शिकवावयाचे राहून गेले होते. घड्याळ आणि दिवस या दोन वस्तू वेगळ्या आहेत, त्यांचा मेळ कसा बसतो व कोठे बसत नाही, याचा विचार शिक्षकाने आणि साहित्याच्या अभ्यासकाने केला पाहिजे असे आम्हांस वाटते. त्यासाठी गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे व डिचोली ही आपली दोन गावे आणि देशाच्या पूर्व टोकाजवळील दिब्रुगड हे दूरचे गाव आम्ही येथे समोर ठेवीत आहो.

प्रथम हिशेब पाहू. पृथ्वी एक अंश फिरावयास चार मिनिटे घेते. आपल्या पूर्वजांच्या मापाने बोलावयाचे तर अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची चोवीस मिनिटे आणि घटकेची साठ पळे. म्हणजे एका घटकेत पृथ्वी सहा अंश फिरते आणि एक पळ चोवीस सेकंदांचे होते. पेडणे सुमारे ७३.८० पूर्व रेखांशावर आहे, डिचोली सुमारे ७३.९५ वर. अंतर अवघे पंधरा शतांश अंशाचे. म्हणून डिचोलीच्या माथ्यावरून सूर्य सरकला की तो पेडण्याच्या मध्यान्हीला साधारण छत्तीस सेकंदांनी पोचतो. लग्नमंडपातील घटिकापात्राच्या भाषेत हा फरक दीड पळाचा. एवढ्या फरकाने कोणाचे अडत नाही. पण तो आहे. रेखांश बदलला की मध्यान्ह बदलते, ही गोष्ट शेजारच्या दोन गावांतही लपत नाही.

आता दिब्रुगड घ्या. ते सुमारे ९४.९ पूर्व रेखांशावर आहे. डिचोलीपासून अंतर जवळजवळ एकवीस अंशांचे; म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटांचे, घटकांच्या मापाने बरोबर साडेतीन घटकांचे. ज्या ८२.५ अंशांच्या रेखांशावर भारतीय प्रमाणवेळ बेतलेली आहे, तो मिर्झापूरजवळून जातो. त्याच्या पश्चिमेस असलेल्या डिचोलीत मध्यान्ह सरासरीने साडेबारानंतर चार मिनिटांनी होते. पूर्वेकडील दिब्रुगडात ती अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होऊन जाते. अक्षांशाचा फरकही यात मिसळतो. दिब्रुगड बरेच उत्तरेस असल्यामुळे तेथे उन्हाळ्याचा दिवस अधिक लांब व हिवाळ्याचा अधिक आखूड. २१ जूनच्या सुमारास तेथे पहाटे सव्वाचारला सूर्य वर येतो. डिचोलीत त्या दिवशी सहा वाजून गेलेले असतात. २१ डिसेंबरच्या सुमारास तेथे चार वाजून वीस मिनिटांनी सूर्य मावळतो. आपल्याकडे सहा वाजून आठ मिनिटांनी. आमच्या विद्यार्थ्याच्या आईने वाळवण काढले नव्हते, ते आळसाने नव्हे. तिच्या अंगणात अजून ऊन होते.

'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आपण वर्गात किती सहज उच्चारतो! डिचोलीत ते घड्याळाच्या दृष्टीने चूक आहे. दिब्रुगडात ते दोन्ही अर्थांनी चूक आहे. कारण ते गाव कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे सूर्य वर्षातून एकदाही ठीक डोक्यावर येत नाही. आपल्याकडे तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, असा वर्षातून दोनदा येतो.

येथे कोणी म्हणेल, की दूरच्या दोन गावांत फरक असणारच, त्यात नवल ते काय? म्हणून आम्ही आता अगदी जवळच्या दोन गावांतील फरक सांगतो. हा फरक मात्र सूर्याने केलेला नव्हता.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेले. त्यांची सोयरीक, देवदैवते, बाजारहाट यांचे धागे सावंतवाडीशी आणि दोडामार्गाशी गुंफलेले. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोलची नदी, डिचोलीच्या उत्तरेस डोंगरांतून गेलेली सीमा. १९०६ च्या १ जानेवारीपासून ब्रिटिश हिंदुस्थानात साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. पुढे १९११ साली लिस्बनच्या सरकारने आपल्या सर्व वसाहतींसाठी ग्रीनिचवर आधारलेल्या वेळा ठरविल्या. तीत पोर्तुगीज हिंदुस्थानच्या वाट्याला ग्रीनिचच्या पुढे पाच तास ही वेळ आली. म्हणजे तेरेखोलच्या एका काठाचे घड्याळ दुसऱ्या काठाच्या अर्धा तास मागे. नदीवर सूर्य एकाच क्षणी उगवावयाचा, दोन्ही काठांची माणसे एकाच उन्हात नांगर धरावयाची. परंतु कागदावर मात्र एका काठाला सात वाजलेले आणि दुसऱ्याला साडेसहा. सूर्याने दिलेले अंतर दीड पळाचे. राजसत्तेने त्याची सव्वा घटका केली.

यातली खरी मौज पुढेच आहे. पेडण्याची सूर्याप्रमाणे येणारी स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास पंचावन्न मिनिटे. लिस्बनच्या हुकुमाने दिलेली पाच तासांची वेळ तिच्या पाचच मिनिटे पुढे होती. म्हणजे परक्या सत्तेचे घड्याळ आमच्या सूर्याच्या जवळ होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आज आपण भारतीय प्रमाणवेळ पाळतो आणि ती आपल्या सूर्याच्या जवळजवळ पस्तीस मिनिटे पुढे आहे. मग आपण काही गमावले काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. लिस्बनने पाच तास ठरविले ते पेडण्याच्या शेतकऱ्याचा सूर्य पाहून नव्हे. नकाशावर तासातासाच्या रेघा ओढताना आपण त्या खान्यात पडलो, इतकेच. प्रमाणवेळ हा सूर्याशी केलेला करार नसून माणसांनी माणसांशी केलेला करार असतो. आम्ही तो आमच्या माणसांशी केला आणि त्यासाठी अर्धा तास मोजला. सौदा महाग नव्हे.

परंतु करार म्हटला की दोन्ही पक्षांची संमती लागते, आणि ती नेहमीच मिळालेली नाही. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे होती. १९०६ साली नवी वेळ आली तेव्हा गिरणी कामगाराला एकाएकी सूर्याच्या मानाने एकोणचाळीस मिनिटे लवकर कामावर हजर व्हावे लागले. त्या जानेवारीत कामगारांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी 'मुंबई वेळ' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालविली. त्या लोकांचे भांडण खगोलशास्त्राशी नव्हते. आपली झोप कोणी व का कापली, एवढेच ते विचारीत होते.

दिब्रुगडात याच्या उलट बाजूचे चित्र दिसते. त्या प्रदेशाचे जीवन ब्रह्मपुत्रा आणि चहा या दोहोंनी घडविले आहे. १५ ऑगस्ट १९५० च्या महाभूकंपानंतर नदीने पात्र बदलले आणि जुन्या गावाचा मोठा भाग पोटात घेतला. तेव्हापासून नदीकाठचा बंधारा हा गावाच्या जिवाचा आधार झाला. सभोवार चहाचे मळे. तेथे साडेचारला उजाडते आणि सायंकाळ लवकर होते. कार्यालयीन घड्याळाने चालावे तर पहाटेचे थंड तास वाया जावयाचे. म्हणून मळ्यांनी स्वतःची वेळ ठेविली. तिला तेथे 'बागान वेळ' म्हणतात. ती भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. गावच्या कचेरीत आठ वाजले की मळ्यात नऊ. दिब्रुगडचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे पन्नास मिनिटे पुढे असल्यामुळे बागान वेळ त्याच्याशी दहा मिनिटांच्या आत येऊन बसते. पण हीसुद्धा मजुरांच्या सोयीसाठी निर्माण झालेली नाही, हे विसरता कामा नये. पानांची खुडणी उजेडात अधिकाधिक व्हावी म्हणून ब्रिटिश मळेवाल्यांनी ती आणली. लिस्बनचा हुकूम आणि बागान वेळ या दोन्ही गोष्टी एकच सांगतात : घड्याळ सूर्याच्या जवळ आले, एवढ्याने ते लोकांचे होत नाही. ते कोणाच्या कामासाठी लावले आहे, हे पाहावे लागते.

ईशान्येकडील राज्यांनी स्वतंत्र वेळ मागितली आहे, ती अकारण नव्हे. २०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन प्रमाणवेळा सुचविल्या; आसाम व त्यापलीकडील राज्यांना साडेसहा तासांची, उरलेल्या देशाला साडेपाच तासांची. तो प्रस्ताव अद्याप अमलात आलेला नाही. रेल्वेच्या गाड्या एका वेळेतून दुसरीत जाताना घोटाळे होतील, ही एक अडचण. आणि घड्याळाबरोबर मनेही वेगळी होतील, ही दुसरी भीती. तेरेखोलच्या काठी अर्ध्या तासाची भिंत पाहिलेल्या मुलखाला ती भीती अगदीच परकी वाटू नये. तथापि दिब्रुगडच्या माणसाचे रोजचे नुकसानही खरे आहे. त्याचे कार्यालय सुरू होते तेव्हा त्याचा अर्धा सकाळचा उजेड सरलेला असतो.

गावाचा दिवस मात्र घड्याळाची फारशी वाट पाहत नाही. आपल्याकडील बाजारांचेच पाहा. सोमवारी साखळी, मंगळवारी वाळपई, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे, शुक्रवारी म्हापसा : फिरत्या व्यापाऱ्याचा आठवडा हा गावांच्या नावांनीच मोजला जातो. पेडण्याचे लोक वर्ष मोजतात ते कोजागिरीच्या पुनवेने. डिचोलीत नव्याचा सोमवार आला की कार्तिक आठवतो. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची, आणि तेथे धोंड निखाऱ्यांवरून जातात ते रात्र सरत आल्यावर, पहाटेच्या आधी. तिकडे आसामात माघ बिहूच्या आदल्या रात्री 'उरुका'चे जेवण होते आणि पहाटे मेजी पेटविली जाते. या दोन पहाटांचे गाव वेगळे, ऋतूही वेगळा. पण दोन्ही ठिकाणी माणसे उजेडाची वाट पाहत आगीभोवती उभी असतात. त्यांनी घड्याळ पाहिले नाही तरी चालते.

आमचे पंचांगही हेच मानते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी, हा व्यवहाराचा नियम. आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. एखादी तिथी दिब्रुगडचा सूर्योदय झाल्यावर व डिचोलीचा होण्यापूर्वी संपत असेल, तर त्या दिवशी दोन गावांच्या तिथ्या वेगळ्या येतील, आणि दोन्ही बरोबर असतील. संकष्टीच्या दिवशी आपल्या घरातील दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, त्या याच कारणाने. उपवास सोडणाऱ्या आजीला स्थानिक वेळेचे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. तिला मुंबईचा चंद्र चालत नाही; आपल्या अंगणातला लागतो.

भाषेत हे ज्ञान अधिकच खोल मुरलेले आहे. झुंजूमुंजू, रामप्रहर, कासराभर दिवस, टळटळीत दुपार, उन्हे कलती, तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण : या शब्दांत एकही आकडा नाही, आणि म्हणूनच ते पेडण्यात खरे ते दिब्रुगडातही खरे. याउलट कथालेखक जेव्हा 'जानेवारीतील सायंकाळचे पाच वाजले होते' असे लिहितो, तेव्हा गोमंतकीय वाचकापुढे उन्हात न्हालेले अंगण उभे राहते आणि दिब्रुगडच्या वाचकापुढे पेटलेले दिवे. आसामीतून मराठीत किंवा मराठीतून आसामीत भाषांतर करणाऱ्याने हा आकडा जसाच्या तसा ठेवला, तर शब्द बरोबर आणि चित्र खोटे असा प्रकार होईल. वेळेचे जुने शब्द आपण खेडवळ म्हणून टाकीत चाललो आहो. वास्तविक ते अधिक नेमके आहेत.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच, त्या मुद्द्याकडे येतो. आपल्याकडील अनेक शाळा सकाळी आठच्या आसपास भरतात. जानेवारीच्या उत्तरार्धात पेडणे-डिचोलीत सूर्य उगवतो सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास. सूर्य स्वतःही वर्षभर एका चालीने चालत नाही. त्या दिवसांत तो सरासरीच्या बारा-तेरा मिनिटे मागे असतो, आणि आपली मूळची चौतीस मिनिटे त्यात मिळविली म्हणजे घड्याळातले आठ हे सूर्याचे जेमतेम सव्वासात ठरतात. लांबच्या वाड्यावरून बस गाठणारे पोर उजाडता उजाडता घराबाहेर पडते. त्याच दिवशी दिब्रुगडच्या मुलाला आठ वाजेपर्यंत दोन तासांचे ऊन मिळालेले असते. आपल्याकडे संध्याकाळ लांबते, मुले उशिरा निजतात. शाळेची घंटा मात्र उशिरा होत नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातील मुलांच्या झोपेचा अभ्यास करून दाखविले आहे, की सूर्यास्त एक तास उशिरा होतो तेथे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी भरते, आणि तिचा परिणाम शिक्षणावर होतो. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. १९०६ च्या गिरणी कामगारासारखी त्याचीही झोप कापली गेली आहे. फरक एवढाच, की ते निदर्शने करीत नाही.

यावर उपाय म्हणून देशाचे घड्याळ बदलावे असे आम्ही म्हणत नाही. एक देश, एक वेळ या कराराचे मोल आम्ही जाणतो. परंतु घड्याळ देशाचे असले तरी शाळेची घंटा गावाची आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत ती वीस-तीस मिनिटे उशिरा वाजविता येईल किंवा नाही, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनी करावा. अडचणी आम्हांस ठाऊक आहेत. बसच्या वेळा जुळवाव्या लागतील. कामावर जाणाऱ्या आईबापांची तारांबळ होईल. जेथे एकाच इमारतीत दुपारची दुसरी शाळा भरते तेथे हे कदाचित जमणारही नाही. पण 'आठ वाजता म्हणजे आठ वाजता' हे त्यावरचे उत्तर नव्हे. आठ हा आकडा आकाशातून पडलेला नाही.

आणि हे जमो वा न जमो, एक गोष्ट प्रत्येक शाळेला जमण्यासारखी आहे. अंगणात हातभर उंचीची सरळ काठी रोवावी. आपल्या ज्योतिषांनी तिला शंकू म्हटले आहे. नाताळच्या सुटीपूर्वी एखाद्या स्वच्छ दिवशी साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी मुलांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करावी. सावली सर्वांत आखूड होईल ती साडेबाराच्या सुमारास. दिब्रुगडच्या एखाद्या शाळेने त्याच दिवशी हाच प्रयोग केला, तर त्यांची सर्वांत आखूड सावली अकरा वाजून दहा मिनिटांच्या आसपास पडेल. मुलांनी एकमेकांना पत्रे लिहून आकडे कळवावेत. साडेतीन घटकांचे अंतर त्यांच्या वहीत येईल, आणि त्या अंतरापलीकडे आपल्याच वयाचे, आपल्याच घड्याळाचे एक पोर वेगळ्या उन्हात उभे आहे, हेही त्यांना कळेल.

पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने जाऊ-येऊ लागली. विमानांसाठी लिहिल्या जाणाऱ्या हवामानाच्या नोंदी ग्रीनिचच्या धर्तीवरील जागतिक वेळेत असतात. म्हणजे सूर्याची, देशाची आणि जगाची अशा तीन वेळा आज त्या एका पठारावर नांदतात. तीनही खऱ्या आहेत. कोणती कशासाठी, एवढे ध्यानात असले म्हणजे झाले.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही त्या सायंकाळी एवढेच म्हटले, "तुझ्या आईचे बरोबर आहे आणि तुझेही." तो हसला. मग आम्ही त्याला विचारले, तिकडच्या शाळा किती वाजता भरतात? त्याने सांगितले, आणि आमच्या तोंडून नकळत गेले, "मग तिकडची पोरे पहिल्या तासाला जागी असत असतील."